सेबल बेटावरील घोडे

कॅनडातील हॅलिफॅक्स शहराच्या आग्नेयेस सुमारे ३०० किमी. अंतरावर, अटलांटिक महासागरातील सेबल बेटावर सुमारे ५०० घोडे मोकाट राहतात. फ्रेंचमध्ये ‘सेबल’ म्हणजे वाळू, आणि चंद्रकोरीच्या आकाराचे हे बेट वाळूचेच आहे. त्याची लांबी ४० किमी.हून थोडी अधिक, रुंदी मात्र जेमतेम दीड किमी. या घोड्यांना सर्रास जंगली म्हटले जाते, ते काटेकोरपणे पाहता बरोबर नाही, कारण त्यांचे पूर्वज शेतकऱ्यांच्या दावणीचे होते.

फुटलेल्या जहाजांतून पोहत आलेल्या घोड्यांची ही प्रजा, अशी एक आख्यायिका आहे. या किनाऱ्यावर साडेतीनशेच्या आसपास जहाजे फुटल्यामुळे ती पटतेही सहज. प्रत्यक्षात, १७५५ पासून ब्रिटिशांनी अकेडियन म्हणजे मुख्य भूमीवरील फ्रेंचभाषक शेतकऱ्यांना देशोधडीला लावले, तेव्हा त्यांची जनावरे मागे राहिली. बॉस्टनचे व्यापारी टॉमस हॅनकॉक यांनी १७६० मध्ये त्यांतील काही घोडे गाई-मेंढ्यांसह बेटावर नेऊन सोडले. इतर जनावरे टिकली नाहीत, घोडे टिकले.

१८०१ मध्ये बेटावर जीवरक्षक ठाणे उभे राहिल्यावर यांतलेच घोडे धरून गस्तीला आणि बचावनौका ओढण्याला जुंपले गेले. अधूनमधून काही पकडून मुख्य भूमीवर विकलेही जात. पुढे सगळेच घोडे बेटावरून हलवण्याचा बेत ठरला, तेव्हा शाळकरी मुलांनी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांना पत्रे लिहिली, बेत बारगळला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी घोड्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. २०१३ मध्ये बेट राष्ट्रीय उद्यानाच्या दर्जाने राखीव झाले.

संरक्षणाचा येथील अर्थ मात्र हात न लावणे असा आहे: ना वैरण, ना औषधोपचार. एक वळू घोडा, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे अशा लहान टोळ्या वाळूच्या टेकड्यांवरचे गवत खाऊन राहतात. हिवाळ्यात अंगावर दाट, झुबकेदार केस येतात. तळी आटली किंवा गोठली, की घोडा खुराने वाळू उकरतो, खड्ड्यात गोडे पाणी झिरपेपर्यंत थांबतो आणि मग पितो. कोकणातल्या नदीपात्रातला झराच म्हणायचा. गवताबरोबर पोटात जाणारी वाळू दात झिजवते. म्हाताऱ्या घोड्याला मग चावता येत नाही आणि हिवाळा सरता सरता, नवे गवत फुटण्याच्या आत, तो उपासमारीने मरतो.