कोल्टन: एका खनिजातले दोन धातू

काँगोच्या बातम्यांत येणारं कोल्टन म्हणजे एक ठरावीक खनिज नव्हे, ती मालिका आहे. एका टोकाला कोलंबाइट, दुसऱ्या टोकाला टँटलाइट. लोह आणि मँगनीज दोन्हीकडे. पण पहिल्यात निओबियम जास्त, दुसऱ्यात टँटलम. मधल्या खड्यांत दोन्ही धातू कमीअधिक असतात, आणि या सरमिसळीने रसायनशास्त्रज्ञांना साठेक वर्षं घोळात ठेवलं.

१८०१ साली लंडनमध्ये चार्ल्स हॅचेट यांनी ब्रिटिश म्युझियममधला, अमेरिकेतून आलेला एक काळा दगड तपासला. त्यातल्या नव्या मूलद्रव्याला त्यांनी कोलंबियम म्हटलं. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये आंडर्स एकेबर्ग यांना टँटलम सापडलं. १८०९ मध्ये विल्यम वोलॅस्टन यांनी दोन्ही एकच असल्याचा निकाल दिला. गंमत म्हणजे कोलंबाइटची घनता पाण्याच्या सहापटीच्या आत आणि टँटलाइटची आठपटीच्या आसपास, हे त्यांनीच मोजलं होतं! १८४४ मध्ये हाइनरिश रोझ यांनी दुसऱ्या मूलद्रव्याला, म्हणजे हॅचेट यांच्या कोलंबियमलाच, निओबियम नाव दिलं, तरी वाद पुरता मिटायला १८६०चं दशक उजाडलं.

दोष सगळा वोलॅस्टन यांचा नाही. दोन्ही अणूंचा आकार जवळपास सारखा, त्यामुळे स्फटिकात एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. १८६६ मध्ये मारिन्याक यांनी वाट काढली: पोटॅशियमसोबतच्या फ्लोराइड क्षारांपैकी टँटलमचा क्षार कमी विरघळतो, म्हणून तो आधी खाली बसतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखानेही हीच युक्ती वापरत होते.

टँटलमची तार काही वर्षं विजेच्या दिव्यांत चमकली, मग टंगस्टनने तिला हुसकावलं. खरी मागणी आणली ती विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरने. टँटलमवरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे इवल्याशा जागेत भरपूर विद्युतभार मावतो. निओबियम आता मुख्यतः ब्राझीलच्या पायरोक्लोर या खनिजातून मिळतं. त्यामुळे कोल्टन खणलं जातं ते प्रामुख्याने टँटलमसाठी.

२००० साली मोबाइलच्या लाटेत भाव कडाडले आणि पूर्व काँगोतल्या सशस्त्र टोळ्यांना पैशाचा नवा झरा सापडला. अमेरिकेने २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्यात कंपन्यांना अशा खनिजांचा उगम तपासायला लावलं. तरी २०२४ मध्ये पूर्व काँगोतला रुबाया खाणपट्टा एम-२३ बंडखोरांच्या हाती गेला, आणि तिथल्या मालावर ते कर वसूल करू लागले.