एवढ्याशा चांदीवर लांडगा, पक्षी आणि सिंह

सातव्या शतकात पश्चिम युरोपातल्या नाण्यांमधलं सोनं उतरत गेलं आणि इ. स. ६७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चांदीचे पेनी पडू लागले. जाडसर, जेमतेम १२ मिलिमीटर व्यासाचे, वजन ग्रॅम-सव्वा ग्रॅम. बहुतेकांवर राजाचं नाव नाही, टाकसाळीचंही नाही. नाण्याची ओळख पटायची ती चित्रावरून, आणि चित्रांत प्राण्यांचीच गर्दी.

ही निव्वळ सजावट होती, हे मला पटत नाही. ५९७ मध्ये आग्नेय इंग्लंडमधल्या केंटमध्ये ऑगस्टिन या धर्मप्रचारकाचं ख्रिस्ती मिशन उतरलं, त्यानंतर तीन-चार पिढ्यांतली ही नाणी आहेत. एका प्रकारात पुढच्या बाजूला रोमच्या दंतकथेतल्या रोम्युलस आणि रेमस या जुळ्या भावांना दूध पाजणारी लांडगी आहे, थेट सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या रोमन नाण्यांवरून घेतलेली. उलट बाजूला वेलीत चोच घालणारा पक्षी. वेल म्हणजे ख्रिस्त आणि तिच्यावर पोसणारा जीव म्हणजे श्रद्धावान, हा अर्थ तेव्हाच्या चर्चमध्ये रुजलेला होता. रथवेल आणि ब्यूकॅसलच्या दगडी क्रुसांवरही असेच वेलीतले पशुपक्षी कोरलेले आहेत. रोमचा वारसा आणि नवा धर्म, दोन्ही एका नखाएवढ्या चांदीवर!

नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडच्या राज्याचा विद्वान राजा आल्डफ्रिथ ६८५ मध्ये गादीवर आला. त्याने मात्र स्वतःचं नाव घातलं आणि मागे लांब शेपटीचा, बहुधा सिंह असावा असा प्राणी. प्राणी वाटणारं प्रत्येक चित्र मात्र प्राण्याचं नाही: आणखी एका प्रकारावर नाणेसंग्राहक ज्याला ‘साळिंदर’ म्हणतात, तो प्राणी नसून नकलेवर नक्कल होत बिघडलेला माणसाचा चेहरा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा राजा ऑफा याच्या काळात रुंद, पातळ पेनी आले, राजाचं नाव ठळक झालं आणि प्राणी मागे पडले. पूर्व अँग्लिया या शेजारच्या राज्याचा राजा एथेलबर्ट याने तरीही आपल्या नावाच्या पेनीवर लांडगी आणि जुळी मुलं आणली. तिथल्या राजांच्या वंशावळीत वोडन या जुन्या देवाबरोबर रोमच्या सीझरचंही नाव होतं, हे लक्षात घेतलं की ही निवड समजते. ७९४ मध्ये ऑफाच्या हुकमाने एथेलबर्टचा शिरच्छेद झाला.

पुढे १००९ च्या सुमारास, डॅनिश स्वारीने देश हवालदिल झाला असताना, इंग्लंडचा राजा दुसरा एथेलरेड याने पेनीवरून स्वतःचा चेहराच काढला. एका बाजूला देवाचं कोकरू, म्हणजे ख्रिस्ताचं प्रतीक, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेलं कबुतर, म्हणजे पवित्र आत्म्याचं. त्याच वर्षी राज्यभर उपवास आणि प्रार्थनेचा हुकूम निघाला होता. या प्रकारातली मोजकीच नाणी उरली आहेत. त्यांतली बरीचशी स्कँडिनेव्हियाकडे सापडली, आणि काहींना गळ्यात घालण्यासाठी भोकं पाडलेली आहेत.