पंक्चर निघालं, पण टायर वाचला का?

रस्त्याकडेच्या दुकानात ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायला फार वेळ लागत नाही. पक्कडीने खिळा उपसायचा, टोचा फिरवून भोक मोकळं करायचं, सोल्युशन लावलेली रबरी पट्टी सुईने आत ढकलायची, बाहेर राहिलेलं टोक ब्लेडने कापायचं, वर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येत नाहीत ना बघायचं, झालं, पैसे द्या आणि निघा. चाक गाडीलाच, टायर रिमवरच. हवा थांबते, गाडी चालते, बऱ्याचदा पुढे काही होतही नाही, म्हणून आपण धरून चालतो की टायर दुरुस्त झाला. पण ह्या सगळ्यात टायर आतून कुणी बघितलेलाच नसतो, आणि टायर ठेवायचा का टाकायचा हे कळतं ते आतूनच.

कारच्या टायरमध्ये आपल्याला दिसतं ते रबर, पण भार घेतात ते आतले दोरे. सगळ्यात आत ब्युटिल जातीच्या रबराचा पातळ थर असतो, त्याला इनर लायनर म्हणतात, हवा धरून ठेवायचं म्हणजे जुन्या ट्यूबचं काम तो करतो. त्याच्या बाहेर पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा थर, हे दोरे रिमच्या एका कडेपासून सरळ दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले असतात, आणि ट्रेडच्या म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाच्या खाली, फक्त ट्रेडच्याच खाली, बारीक पोलादी तारांचे साधारण दोन पट्टे एकमेकांना तिरके बसवलेले असतात. हा रेडियल टायर, मिशेलिनने १९४६ ला पेटंट घेतलं आणि १९४९ पासून विकायला काढला, आज जवळपास प्रत्येक कारला हाच असतो. म्हणजे जो भाग रस्त्याला लागतो त्याच्या पाठीशी पोलाद आहे, बाजूच्या भिंतीत म्हणजे साइडवॉलमध्ये ते नाही, तिथे रबर आणि पॉलिएस्टरचे दोरे एवढंच. खिळा कुठे घुसलाय ह्याला एवढं महत्त्व आहे ते ह्याच्यामुळे.

साइडवॉलचं काम आहे वाकणं. १८५/६५ आर १५ हा साइज घ्या, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना येतो, त्याचा घेर साधारण १.९५ मीटर. समृद्धी महामार्गावर १२० च्या स्पीडने गेलात तर तो टायर सेकंदाला जवळपास १७ वेळा फिरतो, म्हणजे साइडवॉलवरचा प्रत्येक ठिपका सेकंदाला १७ वेळा दबतो आणि पुन्हा ताठ होतो, तासभर असं चाललं तर साठ हजारांच्या वर. आतून ३०-३३ पीएसआयची हवा भिंतीला सतत बाहेर ढकलत असते आणि ते ओढणं दोऱ्यांवर येतं. दोरे तुटले तर तिथे उरतं नुसतं रबर. पॅच लावून हवा थांबवता येईल, पण पॅच दोऱ्याची जागा घेत नाही आणि एवढ्या वेळा वाकून वाकून त्याची कड उचकटायला लागते. म्हणून साइडवॉलला लागलेलं असेल, भोक केवढंही छोटं असेल, कारचा टायर दुरुस्त करायचा नाही. ट्रकवाले साइडला गेटर म्हणजे आतून जाड तुकडा टाकून घेतात मग आपल्याला काय झालं, असं खूप लोक म्हणतात. ट्रकच्या टायरला साइडवॉलची दुरुस्ती होते हे बरोबर आहे, पण ती दोरे असलेले खास मजबूत पॅच लावून, उष्णता आणि दाब देऊन व्हल्कनाइझ केलेली, म्हणजे रबर आतून पक्कं बांधून घेतलेली असते आणि ट्रकच्या टायरची घडणच वेगळी, तिथला हिशोब पातळ भिंतीच्या कारच्या टायरला लागू होत नाही.

मग ट्रेडमध्ये घुसलेला प्रत्येक खिळा चालेल का, तर तेही नाही. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेचा नियम आहे की भोक ६ मिलिमीटरपर्यंतचं हवं आणि ट्रेडमध्येच हवं, खांद्यावर म्हणजे ट्रेड जिथे वळून साइडवॉलला मिळतो तिथे नको. ब्रिटनचं बीएस एयू १५९ हे स्टँडर्ड पण जवळपास तेच सांगतं, ट्रेडच्या रुंदीचा मधला साधारण तीन चतुर्थांश भाग दुरुस्तीला योग्य. खांदा का नको, तर पोलादी पट्ट्यांच्या कडा तिथे संपतात, तिथे आधीच ताण आणि उष्णता जास्त असते आणि बाहेरून ट्रेडमध्ये दिसणारा खिळा तिरका गेला असेल तर आत जाऊन खांद्याजवळ किंवा साइडवॉलमध्ये निघालेला असतो. हे बाहेरून नुसतं बघून कळत नाही. जुना स्क्रू मुंडक्यापर्यंत घासून बसलेला असतो, वरून नाण्यासारखी चकचकीत टिकली दिसते, तो केवढा लांब आहे आणि कुठल्या दिशेला गेलाय हे उपसल्यावर आणि आतून बघितल्यावरच समजतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही ती म्हणजे पाणी. टायरमधल्या पोलादी तारा नुसत्या पोलादाच्या नसतात, त्यांच्यावर पितळेचा अगदी पातळ मुलामा असतो, कारण पोलादाला रबर नीट चिकटत नाही, पितळेला चिकटतं. टायर साच्यात तापवतात तेव्हा रबरातलं गंधक दोन कामं करतं, एक तर रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं, हेच व्हल्कनायझिंग, ज्याचा शोध चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये लागला, आणि दुसरं म्हणजे पितळेतल्या तांब्याशी रासायनिक क्रिया करून कॉपर सल्फाइडचा थर बनवतं, त्या थरामुळे तार आणि रबर एकमेकांत रुतून बसतात. खिळ्याने केलेल्या भोकातून पावसाचं पाणी ह्या तारांपर्यंत पोचलं की ते तिथेच थांबत नाही, तारेच्या आत बारीक बारीक तंतू पिळलेले असतात त्यांच्या फटींतून पुढे सरकत जातं, गंज पकडतो, आणि गंज आला की ती पकड सुटायला लागते. कोकणात नाहीतर घाटात चार महिने पाण्यातून जाणारी गाडी असेल तर विचार करा. म्हणून दुरुस्ती म्हणजे हवा आत राहिली पाहिजे आणि पाणी बाहेर राहिलं पाहिजे, दोन्ही. नुसता आतून पॅच लावला तर हवा थांबते पण बाहेरचं भोक उघडंच राहतं, आणि नुसती बाहेरून पट्टी ठोकली तर आतलं लायनर फाटलेलंच राहतं, हवा हळूहळू थरांमध्ये शिरू शकते.

ट्रेड पोलादी पट्ट्यापासून सुटला तर काय होतं हे जगाने २००० साली बघितलं. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना लागलेले फायरस्टोनचे टायर चालत्या गाडीत ट्रेड सोडायला लागले, कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले आणि ह्या अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं गेली. तो मामला पंक्चरचा नव्हता, पण थर एकमेकांपासून सुटणं म्हणजे काय हे त्याच्यातून कळतं, टायर नुसता बसत नाही, त्याची कातडी सोलून निघते आणि गाडी उलटू शकते. त्यानंतरच अमेरिकेत कायदा झाला आणि नव्या गाड्यांना टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी सिस्टिम सक्तीची झाली.

नीट दुरुस्ती कशी होते ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. टायर रिमवरून उतरवतात, आतून हात फिरवून तपासतात, खिळा काढून भोकाची दिशा टोच्याने बघतात. मग ड्रिलला कार्बाइडचा कटर लावून भोक साफ करतात, म्हणजे तुटलेल्या तारांची टोकं आणि गंज निघून जातो. आतलं लायनर क्लीनर लावून खरवडतात, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला चिकटपणा मारणारा पदार्थ तिथे अजून असतो, त्याच्यावर काहीच धरत नाही. मग कमी स्पीडच्या बफरने मखमलीसारखं होईपर्यंत घासायचं, जोरात घासलं तर रबर जळतं. त्याच्यावर सोल्युशन, आणि ते पूर्ण सुकू द्यायचं, इथे बरेच जण घाई करतात. ओलं असताना पॅच लावला तर सोल्युशनमधला द्रव खाली अडकतो आणि जोड कच्चा राहतो, कारण हे साधं डिंकासारखं चिकटवणं नाही, पॅचखालचं कच्चं रबर आणि सोल्युशन ह्यांच्यात थंड व्हल्कनायझिंग होतं. मग मशरूम पॅच, त्याचा दांडा भोकातून बाहेर ओढायचा म्हणजे भोक भरतं आणि टोपी आतून लायनरवर बसते, रोलरने मधून कडेकडे दाबत हवा काढायची. खिळा फार तिरका गेला असेल तर दांडा वेगळा आणि पॅच वेगळा असा दोन तुकड्यांचा जोड लागतो. शेवटी साबणाचं पाणी आणि बॅलन्सिंग. पट्टीपेक्षा पैसे जास्त लागतात, वेळही लागतो, पण मला विचाराल तर कारच्या टायरला ह्याच्यापेक्षा कमी करू नये. पट्टी रात्री हायवेवर दुकानापर्यंत पोचायला उत्तम आहे, जवळ असावीच, पण ती तेवढ्यापुरतीच, नंतर टायर उतरवून आतून काम करून घ्या.

टायर उतरवल्यावर अजून एक गोष्ट बघायची असते आणि कधी कधी तीच निकाल लावते. हवा गेलेल्या टायरवर गाडी किती चालली? हवा कमी असली की साइडवॉल जास्त वाकते, रबर वाकताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही उष्णता होऊन आतच राहते, आणि ती वाढत गेली की पॉलिएस्टरचे दोरे आणि रबर दोन्ही कमजोर होतात. असा टायर बाहेरून अगदी ठीक दिसतो. पण उघडला की आत काळी भुकटी सांडते, रबराचे बारीक दाणे, आणि साइडवॉलच्या आतल्या बाजूने गोल फिरत गेलेला घासल्याचा पट्टा दिसतो, कुठे कुठे लायनरला सुरकुत्या. हे दिसलं की भोक ट्रेडच्या मधोमध असो, २ मिलिमीटरचं असो, टायर गेला. दुकानदार म्हणाला चालेल हो साहेब, तरी नाही.

खड्ड्यात आदळल्यावर साइडवॉलला फुगा येतो तो पण ह्याच जातीचा. खड्ड्याची कड आणि रिम ह्यांच्यामध्ये भिंत चिमटली जाते, आतले दोरे तुटतात, बाहेर जखम नसते, मग हवा त्या कमजोर जागेला बाहेर ढकलते. कधी लगेच दिसतो, कधी काही दिवसांनी. त्याला दुरुस्ती नाही आणि त्याच्यावर हायवेला जायचं नाही. फुगा आणि खोलगट रेघ ह्यात मात्र गल्लत करू नका, साइडवॉलवर आतल्या बाजूला गेलेली उभी हलकी खाच बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या थराचा जोड जिथे एकावर एक येतो तिथली असते, तिच्याने काही बिघडत नाही. शंका असेल तर दाखवून घ्या.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. दोन दुरुस्त्यांचे पॅच एकमेकांवर चढायला नकोत. ट्रेडची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल, म्हणजे खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांच्या बरोबरीला नक्षी आली असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. साइडवॉलवर चार आकडे असतात ते बघा, २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा, टायर जुना आणि भेगाळलेला असेल तर तसंच. नव्या काही गाड्यांना स्टेपनी येत नाही, २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा सेन्सर आणि दुरुस्तीचं किट असेल तर ती न देण्याची मुभा आहे, तुमच्या किटमधलं सीलंट टायरमध्ये ओतलं असेल तर दुकानात आधी सांगा, ते सगळं पुसून काढल्याशिवाय पॅच धरणार नाही. आणि फुगा आलेला टायर काढून नवीन घातलात तर तो जुना डिकीत स्टेपनी म्हणून ठेवू नका, कारण स्टेपनी लावायची वेळ येते ती बहुतेक घरापासून लांब, आणि मग तोच टायर पुन्हा हायवेवर धावतो.