टीव्हीच्या लाकडी खोक्याला रंग कसा लागला

जुन्या टीव्हीच्या लाकडी खोक्याला ऑइल पेंट द्यावा की नुसते पॉलिश, यावरून बेळगाव-खानापूर भागात सुतार आणि गिऱ्हाईक यांचे हमखास वाजते. गिऱ्हाइकाला फोटोत पाहिलेले फिकट निळे कपाट हवे असते. सुतार म्हणतो, सागवानावर रंग फासणे हे पाप आहे. दोघांपैकी कोण बरोबर, हे खोके कधीचे आणि कशाचे आहे यावर ठरते. आणि त्यासाठी इथे टीव्ही नेमका केव्हा आला ते आधी पाहावे लागते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, बंगळूरचे केंद्र १९८१ मध्ये. बेळगाव या दोन्हींपासून साधारण पाचशे किलोमीटर. जमिनीवरच्या मनोऱ्याचे चित्र एवढ्या लांब पोहोचत नाही, त्यामुळे ना मराठी चित्र आले ना कन्नड. शेजारच्या विजापूर जिल्ह्यातल्या काही गावांनी १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात सामुदायिक टीव्ही पाहिला. त्या काळात इथल्या घरातली मानाची लाकडी वस्तू म्हणजे रेडिओ. धारवाड आकाशवाणी १९५० पासून आणि सांगली १९६३ पासून, अशी दोन्ही भाषांची सोय त्यावर होती. मग १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ पासून त्याच्यावरून येणारे कार्यक्रम दाखवणारी लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहिली. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झाले तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या सोप्यात गल्ली जमे. म्हणजे आज माळ्यावरून खाली येणारी बहुतेक खोकी १९८४ नंतरच्या दहा-बारा वर्षांतली आहेत. त्यांना ‘अँटिक’ म्हणणारे दुकानदार वयाचा अंदाज फार वाढवून सांगतात.

ही खोकी लाकडी का, यालाही कारण आहे. तेव्हा टीव्ही बनवण्यात छोटे उद्योग आणि राज्यांची इलेक्ट्रॉनिक्स महामंडळे पुढे होती. प्लास्टिकचे खोके ओतायचे तर साचा लागतो आणि साच्याचा खर्च हजारो नग खपल्याशिवाय निघत नाही. लाकडी खोके मात्र लहान कारखान्यात, पन्नास-शंभरच्या मापाने करता येई. वीस इंची पिक्चर ट्यूब, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारे पट्ट्यांचे शटर, शटरला कुलूप, मागे भोकांचा हार्डबोर्ड आणि खाली फिरकीने बसणारे चार निमुळते पाय, ही त्याची ठरलेली घडण. रंगीत संच आले, रिमोट आला, तसे शटर गैरसोयीचे झाले आणि नव्वदीच्या दशकात खोकेच प्लास्टिकचे झाले.

आता वादाकडे. ‘सागवानी टीव्ही’ असे आपण सरसकट म्हणतो, पण अखंड सागवानाचे खोके क्वचितच सापडते. आत असते प्लायवूड किंवा भुशाचा पार्टिकल बोर्ड, आणि वर सागाचे व्हिनियर. हा पापुद्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. स्वस्त मॉडेलमध्ये व्हिनियर फक्त दर्शनी बाजूला. दोन्ही कडांना लाकडाच्या रेषा छापलेला कागद किंवा सनमायका. सुतार ज्याला लाकूड म्हणून जपू पाहतो, ते अनेकदा कागद असते. पॉलिशसाठी जुना थर काढताना काचपेपर जरा जास्त चालला की व्हिनियर संपते आणि खालचा बोर्ड उघडा पडतो. मग तिथे कितीही पॉलिश पाजा, डाग दिसतोच. त्यात खानापूर-जांबोटीकडचा पाऊस. दमट हवेत डिंक सुटतो, व्हिनियर फुगते, कडेला टवके उडतात. शिवाय पावसाळ्यात फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश, केले तर ते पांढरे पडते, म्हणून जाणता कारागीर जून ते सप्टेंबर ते काम हातातच घेत नाही. टवके उडालेल्या अशा खोक्याला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग देणे हाच प्रामाणिक उपाय आहे, आणि इथे माझा कल उघडपणे रंगाकडे आहे.

रेडिओ आणि रेडिओग्राम (रेडिओ व रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेले कपाट) यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यावरचे व्हिनियर निवडून, रेषा जुळवून लावलेले असे. ते शाबूत असेल तर त्यावर ब्रश फिरवू नये. तिथे सुतार शंभर टक्के बरोबर आहे. दुर्दैवाने सध्या दोन्हींना एकच निळा रंग लागतो आहे.

रंग देणाऱ्यांचीही एक चूक नेहमीची. जुन्या पॉलिशवर थेट पांढरा रंग मारला की दोन-चार आठवड्यांत आतला तांबूस डाग वर येतो. त्यावर इलाज लाखेचाच: लाखदाणा (लाखेचे दाणे) स्पिरिटमध्ये विरघळवून, वरचे निवळ घेऊन त्याचा एक हात द्यायचा, तो वाळला की मग रंग.

रंगाची ही हौस बाहेरून आली हे खरे आहे. घासकाम न करता जुन्या फर्निचरवर बसणारा, खडूसारखा मऊ दिसणारा रंग ब्रिटनमध्ये १९९० मध्ये बाजारात आला. अमेरिकेत जमिनीवर उभे राहणारे अवजड टीव्ही कॅबिनेट घरोघर होते. त्यांची ड्रेसर आणि बार-कपाटे झाली, आणि त्यांचेच फोटो आज मोबाइलवर फिरतात. आपले खोके त्यापेक्षा बरेच लहान आहे. त्यात ड्रॉवर कोंबण्यापेक्षा शटर शाबूत ठेवून एक फळी टाकणे चांगले. पट्ट्यांमागचे कापड बदलले की शटर पुन्हा सुरळीत सरकते. चित्रकामाची परंपरा मात्र शोधायला लांब जावे लागत नाही: एका बाजूला गोकाकची रंगीत लाकडी खेळणी आणि फळे, घाट उतरला की सावंतवाडी. फ्लेक्सने ज्यांचे काम नेले त्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचा हातही या कामाला अगदी योग्य आहे.

खरे तर रंगाच्या आधीही इथे खोकी वापरात होतीच. नव्वदीत केबल आली, घरात रंगीत संच आला आणि कृष्णधवल संचाच्या रिकाम्या खोक्याचा देव्हारा झाला, किराणा दुकानात गल्ला झाला. तेव्हा त्याला कुणी कला म्हटले नाही. २०१२ ते २०१७ या काळात केबल डिजिटल झाली, सपाट पडदे स्वस्त झाले आणि उरलेसुरले संचही बाहेर पडले.

त्यासोबत पिक्चर ट्यूबचा प्रश्न आला, आणि त्याची चर्चा रंगाच्या मानाने फारच कमी होते. ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते, ती फुटली तर काच जोरात उडते. संच बंद केल्यावरही तिच्यात जबर व्होल्टेज साठून राहू शकते. रंगीत ट्यूबच्या मागच्या काचेत शिसे असते. भंगारात तांब्याच्या कॉइलसाठी ती सर्रास फोडली जाते. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू आहेत, सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून. त्यांत टीव्ही संच स्पष्टपणे येतो आणि तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. सुताराकडे खोके नेण्याआधी ट्यूब टीव्ही मेकॅनिककडून काढून घ्यावी आणि ती न फोडता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.