लाल मुनियाचं चित्र आणि त्यामागचा पिंजरा

शाळेच्या भिंतीवर लाल मुनिया हा छोटा पक्षी काढतात तेव्हा नर लालभडक, अंगावर पांढरे ठिपके, बाजूला भुरकट मादी, असंच ठरलेलं चित्र असतं. पण नर बारा महिने तसा नसतो. पावसाळ्यात लाल होतो, वीण संपली की मादीसारखाच भुरका, आणि मुनियांच्या अख्ख्या कुळात असा हंगामी वेश बदलणारा हा एकटाच. उन्हाळ्यात ई-क्लासवर, म्हणजे गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, थवा उतरला तर नर कोण, मादी कोण हे पटकन कळतही नाही.

हे नर-मादीचं जोडचित्र जुनं आहे. १७३८ मध्ये एका इंग्रज चित्रकाराने लंडनमधे पाळलेल्या जिवंत पक्ष्यांवरून ते काढलं. १७५८ ला शास्त्रीय नाव पडलं तेही व्यापाराच्या शहरावरून, अहमदाबादवरून. म्हणजे जगाने हा पक्षी आधी पिंजऱ्यात पाहिला, गवतात नंतर. पुढे पिंजऱ्यातून सुटलेले पक्षी फिजी, हवाई, स्पेनमधे रानात स्थिरावले.

आपल्याकडे खरा प्रश्न १९९१ चा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात छोटे पक्षी परवान्यावर विकता यायचे, परदेशी पाठवणं पण जोरात होतं, वाटेत किती मरायचे याला तर गणतीच नाही आणि साध्या मुनियांना रंग लावून वेगळा पक्षी म्हणून खपवायचे. १९९०-९१ च्या सुमारास देशी रानपक्ष्यांचा व्यापार आणि निर्यात बंद झाली. निर्णय बरोबरच होता, माझ्या मते उशिराच झाला. पण त्याचा भार कोणावर पडला ते पण बघा ना, निर्यात करणारा मोठा व्यापारी दुसऱ्या धंद्यात गेला आणि जाळं टाकणारा फासेपारधी, ज्याच्यावर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता आणि तो शिक्का पुसायला १९५२ उजाडलं, तो पुन्हा केसमधे अडकला. त्याला वावर नाही, दुसरं काम नाही. बंदीसोबत पोटापाण्याची सोय व्हायला पाहिजे होती, ती झाली नाही असं स्पष्ट म्हणावं लागतं.

आणि बंदीने पिंजरा अडवला, गवत नाही वाचवलं. मुनिया जमिनीलगत, गवताच्या दाटीत गोल घरटं करते, वीण पावसाळ्यात आणि त्याच्या नंतर, म्हणजे नेमकी सोयाबीन-पऱ्हाटीवर फवारणी चालू असते तेव्हा. धुऱ्यावरचं गवत तणनाशकाने जळतं, ई-क्लासवर अतिक्रमण नाहीतर खड्डे करून झाडं लावणं, जसं काही गवताळ रान म्हणजे रिकामी जागाच. अकोला-वाशिमकडे काही पारधी वस्त्यांनी मात्र गवताचं रान राखायला घेतलंय, चराईला हद्द घातली, वणवा आवरला. पक्षी कुठे बसतो, कुठे अंडी घालतो हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत, आणि गवताळ रानाच्या सरकारी योजना आखताना त्यांनाच सगळ्यात शेवटी विचारतात.