पोटगीसाठी घटस्फोटाची वाट पाहायची गरज नाही

परवा देवगडहून येताना एसटीत शेजारी बसलेली बाई पिशवीतले सुके बांगडे सारखे करत म्हणाली, "घोव मुंबैक, पैसो एक धाडणा नाय. पण काडीमोड झाल्याबिगर पोटगी गावणा नाय मां?" हा समज कोकणात घरोघरी आहे, आणि तो साफ चुकीचा आहे.

लग्न कायम असतानाच पोटगी मागता येते. हा हक्क पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. धर्म कुठलाही असो. मुंबईला खेपा घालायची गरज नाही. बायको राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. निकालाआधी अंतरिम पोटगीही मिळते. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा, असं कायदाच सांगतो. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितली. म्हणून अर्ज लांबवू नका, बायांनो!

माहेरी आल्याने हक्क जात नाही. मारहाण, उपासमार, दुसरी बाई ही वेगळं राहायची सबळ कारणं आहेत. मात्र दोघांनी राजीखुशीने वेगळं राहायचं ठरवलं असेल, तर या कलमाखाली पोटगी मिळत नाही. तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नका, त्यावर मागाहून राजीखुशीचा मजकूर लिहिला जाऊ शकतो. तालुका विधी सेवा समितीत बायकांना वकील मोफत मिळतो.