पार्श्वभूमी: संकट-फ्लेअरवरची तारीख

फ्लेअर म्हणजे पेटवल्यावर प्रखर ज्योत किंवा धूर देणारे, समुद्रावर इशाऱ्यासाठी वापरायचे नळकांडे. रात्री संकेत देण्यासाठी रंगीत ज्योतीच्या अशा नळकांड्यांचे पेटंट अमेरिकेत १८५९ साली निघाले आणि तिथल्या नौदलाने यादवी युद्धात त्या वापरल्या. पण त्या संदेश पाठवण्याच्या होत्या. लाल म्हणजे संकट, हे बऱ्याच उशिरा ठरले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वरून उडाली ती पांढरी रॉकेट. तेव्हाच्या नियमाला रंगाचे सोयरसुतक नव्हते; थोड्या थोड्या वेळाने एकेक रॉकेट सोडले की झाले. जवळच्या जहाजावरून ती दिसलीही, पण कंपन्या आपली ओळख पटवायलासुद्धा रॉकेट उडवत, त्यामुळे अर्थ लागला नाही. १९७२ च्या धडक टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या परिशिष्टात लाल ज्योत आणि नारिंगी धूर स्पष्ट लिहिलेले आहेत. पांढरा फ्लेअर आजही फक्त ‘मी इथे आहे, अंगावर येऊ नका’ एवढेच सांगतो.

जहाजांसाठीचे मापही ठरलेले आहे. पॅराशूट रॉकेटने (वर जाऊन छत्रीला टांगलेली ज्योत सोडणाऱ्या फ्लेअरने) किमान ३०० मीटर उंची गाठायची, किमान ३०,००० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) तेजाने ४० सेकंद जळायचे आणि सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली यायचे नाही. हातात धरायच्या फ्लेअरने १५,००० कँडेलाने एक मिनिट जळायचे, शिवाय १० सेकंद १०० मिलिमीटर पाण्याखाली बुडवला तरी विझायचे नाही. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

वाद आहे तो मुदतीचा. बहुतेक फ्लेअरवर निर्मितीपासून सुमारे तीन वर्षांची तारीख असते; अमेरिकेत ४२ महिने. अनेकांना ही विक्रेत्यांची चाल वाटते, कारण चार वर्षांचा फ्लेअरही पुष्कळदा पेटतो. पेटतो, हे खरे. पण तारीख ‘पेटेल का’ यासाठी नाही, ‘ठरल्यासारखा पेटेल का’ यासाठी आहे. टोपणाच्या फटीतून ओल शिरली की मिश्रणातले मॅग्नेशियम तिच्याशी रासायनिक क्रिया करून हायड्रोजन सोडते आणि मिश्रण निकामी होत जाते. रॉकेटच्या इंधनाला तडा गेला तर एकाच वेळी जास्त पृष्ठभाग पेटतो, दाब वाढतो आणि नळी हातात फुटू शकते. इंजिनशेजारच्या कप्प्यात ठेवलेला फ्लेअर तारखेच्या आतही बिघडतो. कोरडी, थंड, हाताशी येणारी जागा आणि घट्ट झाकणाचा डबा यांना पर्याय नाही.

जुने फ्लेअर ‘जादा’ म्हणून ठेवावेत का? अमेरिकेत सक्तीचे नग मुदतीतले असतील तर चालते; इतरत्र अनेक ठिकाणी ते उतरवायला सांगतात. दुसरा सल्ला जास्त शहाणपणाचा. अंधारात, भिजल्या हातांनी पिशवीतून नेमका जुनाच नग बाहेर येतो. रॉकेट वाऱ्याकडे वळते म्हणून ते किंचित वारा जातो त्या बाजूला झुकवून सोडायचे, ढग खाली असतील तर ४५ अंशांत; दुसरे मिनिटभराने, म्हणजे पाहणाऱ्याला दिशा मोजता येते. हातातला फ्लेअर वारा जातो त्या बाजूला, काठाबाहेर, हात लांब करून तिरका धरायचा. तापलेली राख पडून जीव वाचवण्याच्या फुगवलेल्या तराफ्याला भोक पडते.

तारीख ठरवली, पण मुदत संपलेला फ्लेअर परत कुठे द्यायचा ते ठरवले नाही, हा खरा घोटाळा. मोठ्या जहाजांची सोय तराफे तपासणाऱ्या केंद्रांतून होते. छोट्या नावा उघड्यावर. पूर्वी जुना माल सरळ समुद्रात जाई. २०१३ पासूनच्या नियमांत मोजके अपवाद सोडले तर जहाजावरून कोणताही कचरा समुद्रात टाकायला बंदी आहे. घरच्या कचऱ्यात टाकला तर कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडून आग लागू शकते. बादलीत भिजवण्याचा सल्ला तर सर्रास मिळतो. वर सांगितलेली पाण्याची अट आठवा. शिवाय त्या पाण्यात मिश्रणातले परक्लोरेट हे रसायन उतरते, जे थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. सणाला उडवणे ही तर खोटी हाक, अनेक देशांत गुन्हा. उरते ते एकच: टोपण न काढता, मूळ डब्यात, स्फोटके घेण्याची परवानगी असलेल्या केंद्राकडे आधी विचारून नेणे. टपालाने पाठवणे नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेत निळसर-हिरवा आणि लालसर-नारिंगी असा आलटून पालटून एसओएस देणाऱ्या एलईडी दिव्याच्या मानकाला मान्यता मिळाली. तो तासन्‌तास चालतो, हात भाजत नाही, पण १५,००० कँडेलाच्या जवळपासही जात नाही आणि दिवसासाठी वेगळा झेंडा लागतोच. आंतरराष्ट्रीय फेरीच्या जहाजांच्या यादीत मात्र ब्रिजजवळची (जहाज जिथून चालवतात त्या कक्षाजवळची) १२ पॅराशूट रॉकेट कायम आहेत, आणि मुदत संपली की ती बदलावीच लागतात.